लोकोत्सव आणि पेय : लेखांक सातवा – नाशिकच्या रहाडी

मागील लेखांकात पाहिलेल्या ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग शहरात संत रुपर्ट यांच्या स्मरणदिनी, म्हणजे २४ सप्टेंबरच्या सुमारास, कॅथेड्रलभोवतीच्या चौकांत जत्रा भरते आणि तेथे देवस्थान, बाजार व बीअर ही तिन्ही एकाच आवारात नांदतात. त्याच शहरात ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी १६२१ साली सुरू केलेली मद्यशाळा आजही चालू असल्याने धर्माला पेयाचे वावडे तेथे कधी वाटले नाही. नाशिकमध्ये मात्र लोकोत्सव आणि पेय यांच्या वाटा वेगळ्या झाल्या असून, त्याचे कारण या शहराच्या तीर्थक्षेत्र असण्यात जितके आहे तितकेच उत्सवाच्या मालकीतही आहे.

जुन्या नाशकात रंग खेळण्याचा मुख्य दिवस धुळवड नव्हे, तर फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजेच रंगपंचमी होय. त्या दिवशी शनि चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा, जुनी तांबट लेन अशा ठिकाणच्या रहाडी रंगाने भरल्या जातात. रहाड म्हणजे जमिनीत खोल बांधून काढलेला दगडी हौद. ही परंपरा पेशवेकाळापासूनची मानली जाते. वर्षभर हा हौद लाकडी ओंडक्यांनी झाकून त्यावर माती पसरलेली असते, त्यामुळे परक्या माणसाला आपण रहाडीवरून चालत आहोत याची कल्पनाही येत नाही. सणाच्या काही दिवस आधी माती उकरली जाते, ओंडके निघतात, हौद धुऊन स्वच्छ होतो आणि पूजा झाल्याशिवाय त्यात कोणी उतरत नाही. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो : शनि चौकातील गुलाबी, दिल्ली दरवाज्याची केशरी, तर तिवंध्याची पिवळी. फुले उकळून काढलेला रंग वापरण्याचा आग्रह अनेक ठिकाणी अजून टिकून आहे. काठावरून अंग झोकून देत मारलेल्या उडीला ‘धप्पा’ म्हणतात, आणि तो असा बसावा लागतो की हौदातला रंग उसळून काठावरच्या गर्दीला भिजवील. येथे तिकीट नाही, यजमान कंपनी नाही. रहाड उघडणे, भरणे व पुन्हा बुजवणे ही सारी जबाबदारी त्या त्या गल्लीची असते, आणि हेच या उत्सवाचे खरे वैभव आहे. पूर्वीच्या काही रहाडी रस्त्यांखाली कायमच्या गाडल्या गेल्या, ही हानी एखादे मंदिर पडण्याहून कमी नव्हे.

द्राक्षमद्याचा, म्हणजे वाइनचा, उत्सव मात्र शहराबाहेर गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. सुला या वाइन कंपनीची स्थापना १९९९ मध्ये झाली, राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ मध्ये आले आणि २००८ पासून ‘सुलाफेस्ट’ हा संगीत व वाइनचा महोत्सव सुरू झाला. त्याचा काळ फेब्रुवारीचा, आणि त्यामागे शेतीचे गणित आहे : युरोपात द्राक्षे शरदात काढली जातात, तर नाशिकचा बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरताना गोडी छाटणी करून फळ हिवाळ्यात पिकवतो, म्हणून तोडणी संक्रांत ते होळी या काळात येते. हा हंगामी मेळ अस्सल असला, तरी उत्सव तिकिटाचा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो, त्यामुळे साल्झबुर्गसारखे चौकात पेले मांडणे येथे संभवतच नाही.

पेय आणि विधी यांची जुनी सांगड पाहायची तर नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा या तालुक्यांकडे वळावे लागते. तेथील कोकणा व वारली समाजांत मोहाची दारू निव्वळ चैनीची वस्तू नसून तिची धार आधी देवाला व पूर्वजांना सोडली जाते, मग माणसे पितात. पुढील लेखांकात याच पट्ट्यातील बोहाडा, म्हणजे देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर चालणारी सोंगे, विस्ताराने पाहू.