तयार फळ्यांचा स्लॅब: सगळं काम सांध्यात

“म्हणजे त्या रेडिमेड कंपाउंडसारखंच ना?” प्रीकास्ट स्लॅबचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्तही आहे. खांबाच्या खाचेत सरकवलेल्या, हात लावला तरी खडखडणाऱ्या त्या फळ्या सगळ्यांनी पाहिल्यात. त्यांच्याखाली झोपायचं कोण? पण कंपाउंडच्या फळीने नुसतं उभं राहायचं असतं. स्लॅबच्या फळीची जाडी आणि आतलं लोखंड भाराच्या हिशेबाने ठरतं.

हा प्रकार परदेशी नवलाई आहे, असंही अनेकांना वाटतं. आपल्या जुन्या चाळींतला लादी-कोबा आठवा: तुळयांवर लाद्या मांडायच्या, वर कोबा धोपटायचा. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेची फळी-तुळई पद्धत त्याच गोत्रातली. फळी जास्तीत जास्त दीड मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, वजन पन्नासेक किलो. दोन माणसं ती उचलून तुळयांवर ठेवतात. १.२ मीटर रुंदीचे पोकळ स्लॅब मात्र वेगळे. पाच मीटरचा एक नग दीड टनाच्या आसपास जातो. गल्लीत क्रेन वळत नसेल, तर तो विषय तिथेच मिटला.

सगळ्यात महागात पडतो तो समज म्हणजे “मांडलं की झालं”. रुडकीच्या फळीची जाडी मध्ये ६ सेंटिमीटर, पण कडेला ३. त्यामुळे दोन फळ्या शेजारी ठेवल्या की मध्ये पन्हळीसारखी खाच राहते. मिस्त्रीने ती झाडून, ओली करून, तीत सळ्या टाकून काँक्रीट भरायचं असतं. हे काँक्रीट तुळईतून वर आलेल्या लोखंडी कड्यांना धरतं, तेव्हा सुट्या फळ्यांचा एक स्लॅब होतो. वाचतं ते सेंट्रिंग. पाणी मारणं सुटत नाही.

“भूकंपात पत्त्यांसारखं कोसळतं” याचं उत्तरही याच खाचेत आहे. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियातल्या लेनिनाकान शहरात प्रीकास्ट सांगाड्याच्या नऊ मजली इमारती मोठ्या संख्येने भुईसपाट झाल्या. त्यांच्या मजल्यांचे पोकळ स्लॅब एकमेकांना नीट बांधलेले नव्हते आणि वर काँक्रीटचा थरही नव्हता. त्याच शहरातल्या, मोठी भिंत-पॅनेलं सांध्यांत घट्ट जोडलेल्या प्रीकास्ट इमारती मात्र उभ्या राहिल्या.

छताला सांध्याच्या रेषेत केसासारखी भेग दिसली की घरात घबराट उडते. बहुतेक वेळा ती गिलाव्याची असते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग इथेही हवंच, पण ते ओतीव स्लॅबलाही चुकत नाही.

मी साइटवर गेलो तर आधी फळ्यांची थप्पी बघतो. मुख्य लोखंड खालच्या अंगाला असतं, म्हणून थप्पीतली टेकणं दोन्ही टोकांजवळ, एकावर एक सरळ रेषेत हवीत. फळीच्या मधोमध टेकण आलं, तर तिची वरची बाजू ताणली जाते आणि चढवण्याआधीच ती तडकते. उलटी बसवली तर विचारूच नका.

पंख्याचे हुक आणि बाथरूमचे पाइपही आधीच नकाशात मांडावे लागतात. पोकळ स्लॅबमधल्या तारा ताणून बसवलेल्या असतात. मागाहून प्लंबर छिन्नी घेऊन आला, तर नेमकी कोणती तार तुटली हे त्यालाही कळत नाही.