केळं गेलं, विष राहिलं

कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरून निघालेला केळ्यांचा घड फ्रान्सच्या बाजारात पोचतो, तेव्हा त्यात क्लोरडेकोन नसतं. ज्या मातीत ती केळ वाढली, त्या मातीत मात्र ते असू शकतं, आणि पुष्कळदा असतंच. केळीची मुळं हे कीटकनाशक थोडंफार शोषतात, खोडाच्या बुडापर्यंत ते चढतंही, पण फळापर्यंत जात नाही. निर्यातीचा माल असा निर्धोक निघाला. विष बेटावर राहिलं ते तिथल्याच लोकांच्या वाट्याला.

मार्टिनिक आणि शेजारचं ग्वादलूप ही दोन्ही बेटं फ्रान्सचा भाग आहेत. उष्ण, दमट हवा आणि ज्वालामुखीची सुपीक माती केळीला मानवते, तशीच सोंडकिड्यालाही. हा किडा केळीच्या कंदात अंडी घालतो, अळ्या कंद पोखरतात आणि जोराचा वारा आला की झाड आडवं होतं. मुनव्यांबरोबर तो एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. जळगावकडच्या शेतकऱ्याला याची वेगळी ओळख करून द्यायला नको. त्यावर उपाय म्हणून १९७२ पासून मजूर बुंध्याभोवती क्लोरडेकोनची भुकटी टाकू लागले. दोन दशकांत दोन्ही बेटांवर मिळून सुमारे ३०० टन क्लोरडेकोन मातीत गेलं, असा अंदाज आहे.

ते घातक आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणायला फारशी जागा नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेल गावी, एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत, हेच रसायन ‘केपोन’ नावाने तयार होत असे. तिथल्या कामगारांचे हात थरथरू लागले, डोळे अस्थिर झाले. १९७५ मध्ये कारखाना बंद पडला. सांडपाण्यामुळे जेम्स नदीतली मासेमारी थांबवावी लागली आणि ते निर्बंध पुरते उठायला तेरा वर्षं गेली. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरडेकोनला संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातलं. आणि १९८१ मध्ये फ्रान्सने त्याला नव्याने परवाना दिला! मूळ रसायन आता ब्राझीलमध्ये बनू लागलं. मार्टिनिकच्या केळीमजुरांनी तर १९७४ च्या संपातच विषारी औषधं बंद करा अशी मागणी केली होती. फ्रान्सने बंदी घातली १९९० मध्ये, पण बेटांवरच्या केळीला सवलत मिळाली ती १९९३ पर्यंत.

वापर थांबून तीस वर्षं उलटली, तरी विष जात का नाही? याचं उत्तर रेणूच्या घडणीत आहे. दहा कार्बन अणूंचा एक बंद पिंजरा आणि त्याला बाहेरून चिकटलेले दहा क्लोरीन अणू, अशी क्लोरडेकोनची रचना. मातीतल्या जिवाणूंना अशा रेणूत शिरकाव करायला फट सापडत नाही. ते पाण्यात फार विरघळत नाही आणि मातीतल्या सेंद्रिय अंशाला घट्ट धरून बसतं. त्यात ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मातीत अतिसूक्ष्म पोकळ्या असलेली ॲलोफेन नावाची चिकणमाती असते. तिच्यात अडकलेलं क्लोरडेकोन सहज सुटत नाही. म्हणजे ही माती विष जास्त साठवते आणि पिकाला मात्र त्या मानाने कमी देते. २००९ मधल्या एका गणिताने अशी माती स्वच्छ व्हायला शतकं लागतील असं दाखवलं. अलीकडच्या मोजमापांनी तो काळ बराच खाली आणला आहे. पण मूळ रेणू मोडला की मागे त्याचे क्लोरीनयुक्त तुकडे उरतात, आणि त्यांचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही.

पावसाने ते झिरपतं, वाहतं, ओढ्यातल्या कोळंबीत आणि किनाऱ्यावरच्या शेवंडात पोचतं. मार्टिनिक-ग्वादलूपच्या समुद्रतळातले गाळाचे थर तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ग्लायफोसेट हे तणनाशक बागांत सर्रास आलं, जमीन उघडी पडली, धूप वाढली आणि मातीत दडलेलं क्लोरडेकोन समुद्राकडे निघालं. एका औषधाने दुसऱ्याला बाहेर काढलं.

जमिनीवर सर्वांत जास्त फटका बसतो तो कंदमुळांना. रताळी, अळकुड्या, कोनफळं हे तिथल्या गरिबाचं रोजचं अन्न, आणि ते तर मातीतच वाढतं. टोमॅटो किंवा झाडावरची फळं जवळजवळ स्वच्छ निघतात. चरताना गाय गवताबरोबर माती खाते, कोंबडी तर ती उकरूनच पोट भरते. त्यामुळे परसातलं अंडंही संशयाच्या फेऱ्यात येतं.

दोन्ही बेटांवरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात क्लोरडेकोन आढळलं आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचं तिथलं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. ग्वादलूपमधल्या २०१० च्या अभ्यासात, रक्तात हे रसायन जास्त असलेल्या पुरुषांत या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. वंशपरंपरेचा वाटाही यात आहे, म्हणून सारा दोष एकट्या क्लोरडेकोनवर टाकता येत नाही. तरी कीटकनाशकांशी काम पडलेल्या शेतमजुरांचा हा कर्करोग फ्रान्सने २०२१ मध्ये व्यवसायजन्य आजार मानला. फौजदारी तपास मात्र २०२३ च्या जानेवारीत कोणावरही आरोप न ठेवता बंद झाला. इतक्या जुन्या गोष्टी सिद्ध करणं अवघड, हे त्याचं एक कारण. बंदीला उशीर कोणी केला, हा प्रश्न मग कोणाला विचारायचा?

दिलासा एवढाच की माती जितकी हट्टी, तितकं शरीर नाही. दूषित अन्न थांबलं की साधारण साडेपाच महिन्यांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. गुरंही स्वच्छ कुरणात हलवली की काही महिन्यांत निवळतात. मातीत लोहभुकटी मिसळून तो पिंजरा फोडण्याचे प्रयोग झाले आहेत, पण हजारो हेक्टरांवर ते करायचं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. सध्या सरकार परसबागांची माती फुकट तपासून देतं. दूषित भागातल्या घरच्या बागेतली कंदमुळं आठवड्यातून दोनदाच खा आणि त्यांची साल जाड काढा, असा सल्लाही देतं, कारण मातीला लागून असलेल्या सालीतच विष सर्वांत जास्त असतं.