रिपोर्टमधला शब्द फोडून वाचा

अम्मींचे गुडघे सहा वर्षांपासून दुखतात. एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘ऑस्टिओआर्थरायटिस’ लिहिलेले होते. घरात आम्ही त्याला सरसकट ‘हड्डी का मर्ज’ म्हणू लागलो. मालिश सुरू झाली, नमाजसाठी खुर्ची आली. मागच्या हिवाळ्यात वुजू करून उठताना त्यांचा पाय घसरला. हात टेकला आणि मनगट मोडले. तपासण्यांनंतर नव्या कागदावर शब्द आला ‘ऑस्टिओपोरोसिस’. भाईजान म्हणाले, “हे तर आधीपासूनच आहे.” मीही मान डोलावली. वर्गात रोज मुलांकडून समासाचा विग्रह करून घेणारी मी, या दोन शब्दांचा विग्रह मात्र कधी केलाच नव्हता.

हे शब्द मुळात ग्रीक. ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड, ‘आर्थ्रो’ म्हणजे सांधा, ‘आयटिस’ म्हणजे दाह. पहिल्या आजारात सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी झिजते, म्हणून दुखते. ‘पोरोसिस’ म्हणजे सच्छिद्र होणे. यात हाडच आतून विरळ होते आणि ते बहुधा दुखत नाही. मोडते तेव्हाच कळते. पाळी बंद झाल्यावर बायकांत याचा धोका वाढतो. त्यासाठी डेक्सा नावाची वेगळी तपासणी असते. तिचा टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. उणे 1 ते उणे 2.5 च्या मधल्या अवस्थेला ऑस्टिओपेनिया म्हणतात. सहा वर्षे आम्ही गुडघ्यांकडे बघत बसलो, हाडांची घनता कुणीच तपासली नाही.

आणखी एक गैरसमज: “फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे.” क्रॅक हेही फ्रॅक्चरच! तसेच लिगामेंट हाडाला हाड जोडते, टेंडन स्नायूला हाडाशी. लिगामेंट ताणले वा फाटले तर स्प्रेन. स्नायू किंवा टेंडनला इजा झाली तर स्ट्रेन. आपण दोन्हींना ‘लचक भरली’ म्हणून मोकळे होतो. ‘मायो’ म्हणजे स्नायू आणि ‘अल्जिया’ म्हणजे वेदना. मग मायाल्जिया हा शब्द पाहून घाबरायचे कारण उरत नाही.

आपल्या घरांत युनानी शब्दही कानावर असतात. वजउल-मफासिल म्हणजे सरळ सांध्यांचे दुखणे. सायटिकाला अर्कुन्निसा म्हणतात आणि ‘निसा’ ऐकून अनेकांना तो बायकांचा आजार वाटतो. मूळ अरबी शब्द ‘नसा’ आहे. कमरेपासून पायात उतरणाऱ्या नसेशी त्याचा संबंध, बायकांशी नाही. पुरुषांनी निर्धास्त राहू नये!

अम्मींचे प्लास्टर निघाले. आता आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, एक गोळी असते. ती पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नसते. भाईजाननी फाईलवर उर्दूत दोन वेगळ्या ओळी लिहिल्या आहेत: घुटने – जोड घिसे हुए. हड्डियाँ – भुरभुरी.