जिभेची चव, भाषेची चव : 'ब्लास'

आयरिश गेलिकच्या ऑनलाइन वर्गात परवा शिक्षिका एकाला म्हणाल्या, "तुझा ब्लास छान आहे." जेवणाचा तर विषयच नव्हता!

'ब्लास' म्हणजे चव. (यातला 'आ' आखूड म्हणायचा.) यावरूनच 'ब्लास्टा', म्हणजे चविष्ट. 'चाखून बघ' म्हणताना मात्र शब्द होतो 'ब्लाश'. शेवटच्या 'स'च्या आधी लिहिताना 'आय' हे अक्षर येतं आणि त्या 'स'चा 'श' होतो. गेलिकचं हे वळण मला फार आवडतं.

पण 'ब्लास' म्हणजे बोलण्याचा हेलसुद्धा. आयर्लंडमधल्या कॉनमारा भागातला माणूस बोलला की त्याच्या आयरिशला कॉनमाराचा ब्लास असतो. स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही लुइस बेटावरच्या माणसाच्या बोलण्याला लुइसचा ब्लास असतो. म्हणजे शिक्षिकांनी त्या विद्यार्थ्याच्या उच्चाराचं कौतुक केलं होतं.

शब्द खूप जुना आहे. गेलिकच्या नात्यातल्या वेल्श भाषेतही चवीला 'ब्लास'च म्हणतात, ब्रेटन भाषेत 'ब्लाझ'. जुन्या आयरिशमध्ये तो 'म्लास' असाही लिहिलेला सापडतो. सुरुवातीचा 'म्ल' पुढे 'ब्ल' झाला. दुधासाठीचा जुना 'म्लिख्त' हा शब्दही असाच 'ब्लिख्त' झाला.

आणखी एक वापर ऐकण्यासारखा आहे. नकारार्थी वाक्यात 'ब्लास' आला की अर्थ होतो 'जरासुद्धा नाही', चवीपुरतंही नाही!

आयरिश शिकायची असेल तर व्याकरणाच्या आधी रेडिओ ऐका. 'रेडिओ ना गेलटाख्टा' हे आयरिश भाषेतलं रेडिओ केंद्र इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. उच्चारांबद्दल काही विचारायचं असेल तर खाली जरूर लिहा.