गावचे ग्रंथालय आणि गावचा लेखक

नागपूरच्या आग्नेयेस वसलेला कुही तालुका ग्रंथप्रेमी मराठी माणसाला एका विशेष कारणाने परिचित आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या नद्यांच्या संगमावरील अंभोरा हे तीर्थक्षेत्र याच तालुक्यात येते. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ च्या सुमारास, येथे रचला, अशी विदर्भात परंपरा आहे. अंबेजोगाईचाही या मानावर दावा असून अभ्यासकांत त्याविषयी मतभेद आहेत. याच तालुक्यातील मांढळ येथे वाकाटककालीन ताम्रपट व शिल्पे सापडली. लिहिणे आणि लिहिलेले जतन करणे या भूमीला नवे नाही.

असा वारसा असलेल्या तालुक्यातील एखाद्या तरुणाने आज कवितांची वही भरली, तर ती घेऊन त्याने कोणाकडे जावे? या प्रश्नाचे पहिले उत्तर मुंबईत किंवा नागपुरात नसून गावातील सार्वजनिक ग्रंथालयात असले पाहिजे.

कायद्याची चौकट

कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये व मद्रास प्रांताने १९४८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला. मद्रासने ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर बसविला. महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट धरली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ हा १ मे १९६८ पासून अंमलात आला. त्यात ग्रंथालय कर नाही. लोकांनी स्थापन केलेल्या व लोकांनीच चालविलेल्या ग्रंथालयांना शासनाने मान्यता व अनुदान द्यावे, हे या कायद्याचे सूत्र होय. त्यासाठी ग्रंथालय संचालनालय, विभागीय सहायक संचालक व जिल्हा ग्रंथालय अधिकारी अशी यंत्रणा उभी राहिली. धोरणाविषयी सल्ला देण्यासाठी राज्य ग्रंथालय परिषद आहे.

या पद्धतीमुळे राज्यात सुमारे अकरा-बारा हजार ग्रंथालयांना शासनमान्यता मिळाली. एवढे विस्तृत जाळे केवळ सरकारी कचेऱ्यांतून विणले गेले नसते. परंतु तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. ग्रंथालय गावाच्या मालकीचे असल्याने ते चालू ठेवण्याची जबाबदारीही गावावर येते. अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळते. उरलेला भाग संस्थेने वर्गणी व देणगीतून उभा करावयाचा असतो. कार्यकारी मंडळाची सभा झाली नाही, हिशेब तपासले गेले नाहीत किंवा वार्षिक अहवाल वेळेवर गेला नाही, तर अनुदानाचा हप्ता अडतो.

ग्रंथपालाचे मानधन

ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके व कामकाजाचे तास यांवरून ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले जातात. खेड्यांतील बहुसंख्य ग्रंथालये खालच्या दोन वर्गांत मोडतात. 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान दीर्घकाळ ३०,००० रुपये होते. २०२२ मध्ये शासनाने सर्व वर्गांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ते ४८,००० रुपये झाले. अनुदानाचा साधारण निम्मा भाग वेतनासाठी असतो. त्या हिशेबाने 'ड' वर्गाच्या एकमेव सेवकाच्या वाट्याला तेव्हा महिन्याला सुमारे दोन हजार रुपये येत.

अशा मानधनात हा सेवक दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही आणि किर्द सांभाळतो, वृत्तपत्रे लावतो, झाडलोटही करतो. ग्रंथालय सेवकांच्या वेतनश्रेणीचा प्रश्न व्यंकप्पा पत्की समितीसमोर आला होता. तेव्हापासून तो सातत्याने मांडला जात आहे. शासन उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने, तर उत्कृष्ट कार्यकर्ते व सेवकांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने पुरस्कार देते. जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत ग्रंथपालन प्रशिक्षण वर्गही चालतात. सन्मान व प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. तथापि त्यांनी घर चालत नाही, हेही खरे. म्हणून गावाने ग्रंथपालाकडे केवळ किल्ल्या सांभाळणारा माणूस म्हणून पाहू नये. वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देणारा, रंगनाथनांना अभिप्रेत असलेला दुवा तोच आहे.

नवलेखकांसाठी योजना

हाच दुवा लेखकासाठीही उपयोगी पडतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही, अशा लेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनास साहाय्य मिळते. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय व ललितगद्य असे प्रकार त्यात येतात. प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासाठी आणखी एक दार आहे. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी जाहीर करते. तीत समावेश झालेले पुस्तक राज्यभरच्या ग्रंथालयांच्या खरेदीत येऊ शकते. जिल्हा ग्रंथोत्सवातील ग्रंथदिंडी, पुस्तक विक्री व कविसंमेलन यांतूनही स्थानिक लेखकाला श्रोते मिळतात. विदर्भ साहित्य संघासारखी, १९२३ मध्ये स्थापन झालेली संस्था या भागात आहेच.

उणीव आहे ती माहितीची. योजनेचे निवेदन वृत्तपत्रात येते, मुदत संपते, आणि खेड्यातील वही कपाटातच राहते. ग्रंथपालाने असे निवेदन फलकावर लावले व अर्ज भरण्यास मदत केली, तर हे अंतर मिटेल.

गावाने काय करावे?

कुही तालुक्यात या कामाला आणखी एक निकड आहे. गोसीखुर्द प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात तालुक्यातील अनेक गावे गेली. घरे व शेते यांचा मोबदला मोजता येतो. परंतु जुन्या गावाची शिवारे, बोडी, बांधी, रोवणीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या यांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. ज्यांनी ती गावे पाहिली, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी लिहून घेणारा लेखक त्याच मातीतला हवा.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत ग्रंथालये व वाचनालये यांचा समावेश आहे. तेव्हा पंचायत सदस्यांनी ग्रंथालयास हक्काची खोली, वीज व बसण्याची सोय द्यावी. संस्थेचा स्वतःचा वाटा उभा करण्यास आणि शक्य तेथे सेवकाच्या मानधनात भर घालण्यास हातभार लावावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सभासद करावे. आजी-आजोबांच्या आठवणी लिहून आणण्यास सांगावे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे त्या लेखनाच्या वाचनासाठी योग्य दिवस होत. उत्तम लेखनाची एक हस्तलिखित प्रत ग्रंथालयात जतन करावी. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी नोंदवह्यांबरोबर हेही पाहावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा दर्जा प्राचीनतेबद्दल मिळतो. भाषा जिवंत राहते ती नव्या लेखनाने. गावच्या ग्रंथालयाचे दार रोज संध्याकाळी ठरल्या वेळी उघडत राहिले, तर त्या लेखनाला पहिला वाचक गावातच मिळेल.