मेट्सचा आतबट्ट्याचा व्यवहार

११,९३,२४८ डॉलर आणि २० सेंट. न्यूयॉर्क मेट्स हा बेसबॉलचा क्लब दर वर्षी १ जुलैला एवढी रक्कम बॉबी बोनिया नावाच्या माजी खेळाडूला देतो. डॉलरला ८५ रुपये धरले तर १० कोटींहून जास्त. बोनिया मेट्सकडून शेवटचा खेळला १९९९ मध्ये, आणि २००१ नंतर तर कुठल्याच संघाकडून खेळला नाही. पहिला हप्ता गेला २०११ मध्ये. शेवटचा जाईल २०३५ मध्ये, तेव्हा तो ७२ वर्षांचा असेल. अमेरिकेतले बेसबॉलवेडे १ जुलै हा ‘बॉबी बोनिया दिन’ म्हणून साजरा करतात आणि मेट्सच्या नावाने पोट धरून हसतात.

हसण्याआधी हिशेब पाहू. १९९९ च्या हंगामात बोनिया ६० सामने खेळला, होमरन मारले चार आणि फलंदाजीची सरासरी होती .१६०. म्हणजे शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर फक्त सोळा वेळा फटका. मेट्सला तो नकोसा झाला होता, पण करारानुसार २००० सालचे ५९ लाख डॉलर द्यायचे होतेच. तेव्हा तोड निघाली ती अशी: आत्ता काही देऊ नका, ८ टक्के व्याज लावा आणि २०११ पासून २५ वार्षिक हप्त्यांत फेडा. चक्रवाढीने ते ५९ लाख २०१० च्या मध्यापर्यंत १ कोटी २७ लाख झाले. त्याचे २५ हप्ते पाडले की एकूण भरणा होतो २ कोटी ९८ लाख डॉलर. मुद्दलाच्या पाचपट.

क्लबने हे मान्य का केलं? मालक विल्पॉन कुटुंबाचा पैसा बर्नी मॅडॉफ या गुंतवणूक व्यवस्थापकाकडे गुंतवलेला होता आणि कागदावर त्याचा परतावा दोन आकडी दिसत होता. आठ टक्क्यांनी उधारी ठेवायची आणि दहा-बारा टक्के कमवायचे, यात वावगं काय? डिसेंबर २००८ मध्ये मॅडॉफला अटक झाली आणि तो परतावा निव्वळ कागदावरच होता हे जगाला कळलं. मॅडॉफ प्रकरणातल्या विश्वस्ताशी विल्पॉन मंडळींनी २०१२ मध्ये १६ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड केली. बोनियाच्या सगळ्या हप्त्यांच्या पाचपटीहून जास्त!

पण एवढं होऊनही बोनियाचा सौदा काही मेट्सचा सर्वांत वाईट सौदा नव्हे. २००० च्या हंगामासाठी पगाराच्या अंदाजपत्रकात जागा मोकळी झाली. त्याच हिवाळ्यात माइक हॅम्प्टन हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, संघात आला आणि २००० मध्ये मेट्स थेट वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले. पुढे हॅम्प्टन मोठ्या पगारावर कोलोरॅडोला गेला. त्याच्या बदल्यात नियमानुसार मेट्सला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वाटपात, एक जादा निवड मिळाली आणि २००१ मध्ये त्या निवडीवर त्यांनी डेव्हिड राइट नावाचं पोरगं उचललं. १,७७७ फटक्यांसह राइट आजही क्लबच्या यादीत अव्वल आहे.

शिवाय आजच्या मेट्सपुढे बोनियाचा हप्ता म्हणजे चिल्लर. २०२० मध्ये हेज फंडवाले अब्जाधीश स्टीव्ह कोहेन यांनी सुमारे २४० कोटी डॉलर मोजून क्लब घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी हुआन सोटोशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. व्यावसायिक खेळांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा करार. रुपयांत साडेसहा हजार कोटी. वर्षाचे ५ कोटी १० लाख डॉलर म्हणजे ४३३ कोटी रुपये. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात अख्खा संघ उभा करायला प्रत्येक फ्रँचायझीला १२० कोटींची मर्यादा होती. सोटोच्या एका वर्षात तसे साडेतीन संघ बसतात.

हंगामात सामने १६२. म्हणजे सोटोचे एका सामन्याचे ३ लाख १५ हजार डॉलर. बोनियाला जे वर्षभराचे मिळतात ते सोटो चार सामने पुरे व्हायच्या आत कमावतो. बोनियाचे २५ वर्षांचे सगळे हप्ते मिळून सोटोचे ९५ सामने. हंगाम मार्चअखेर सुरू होतो, त्यामुळे जुलैच्या मध्याला तो हिशेब चुकता!

वाया गेलेल्या पैशाची यादीही लांबलचक आहे. डावखुरा पिचर ऑलिव्हर पेरेझ याला २००९ मध्ये तीन वर्षांचे ३ कोटी ६० लाख डॉलर कबूल केले. त्या करारात त्याने सामने जिंकले तीन. एका विजयाचे १ कोटी २० लाख, म्हणजे बोनियाचे दहा हप्ते. तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आधीच त्याला घरी पाठवलं आणि त्या वर्षाचे १ कोटी २० लाख घरपोच दिले. जेसन बे याला चार वर्षांचे ६ कोटी ६० लाख. तीन वर्षांत होमरन २६, म्हणजे एकेक होमरन २५ लाख डॉलरला पडला. योएनिस सेस्पेडेसचा करार चार वर्षांचा, ११ कोटींचा. त्या चार वर्षांत तो खेळला १२७ सामने, एका हंगामाहूनही कमी. मधल्या काळात स्वतःच्या रँचवर रानडुकराच्या भानगडीत त्याने घोटा मोडून घेतला आणि क्लबने पगार कापला.

२०२३ मध्ये तर कहर झाला. ३८ वर्षांचा मॅक्स शर्झर आणि ४० वर्षांचा जस्टिन व्हर्लँडर, दोघांना वर्षाचे प्रत्येकी ४ कोटी ३३ लाख. खेळाडूंचा एकूण पगार ३० कोटी डॉलरच्या वर गेला आणि पगाराची मर्यादा ओलांडल्याचा कर सुमारे १० कोटी. त्या वर्षी ओकलंडच्या अख्ख्या संघाचा पगार या नुसत्या करापेक्षा कमी होता. मेट्सने जिंकले ७५ सामने, हरले ८७. एका विजयाची किंमत ५३ लाख डॉलरच्या वर, म्हणजे ४५ कोटी रुपये. हंगाम अर्ध्यावर असतानाच दोघांना दुसऱ्या संघांकडे धाडलं, वर त्यांच्या पगाराचा मोठा हिस्साही मेट्सनेच सोसला. त्याच वर्षी शर्झरच्या नव्या संघाने, टेक्सास रेंजर्सने, वर्ल्ड सीरिज जिंकली.

या सगळ्या खर्चाला निदान तळ आहे. करार संपतो, हप्ते संपतात, किती पैसे बुडाले ते सांगता येतं. अदलाबदलीतल्या चुकीला तसा तळ नसतो. बेसबॉलमध्ये क्लब आपापसांत खेळाडू बदलून घेतात आणि बहुतेक वेळा त्या खेळाडूला कुणी विचारतही नाही. दिलेला खेळाडू पुढे किती वर्षं काय करील, हे सौद्याच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

१० डिसेंबर १९७१. मेट्सला तिसऱ्या बेसवर माणूस हवा होता. कॅलिफोर्निया एंजल्सकडे जिम फ्रेगोसी होता. नावाजलेला, सहा वेळा ऑल-स्टार, पण शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा. त्याच्यासाठी मेट्सने चार खेळाडू दिले. त्यातला एक होता २४ वर्षांचा पिचर नोलन रायन. चेंडू भन्नाट वेगाचा, पण दिशेचा पत्ता नाही. १९७१ मध्ये १५२ डावांत त्याने ११६ फलंदाजांना वॉक, म्हणजे फुकटचा बेस, बहाल केला होता. मेट्ससाठी विजय २९, पराभव ३८. त्या दिवशी हा सौदा अगदीच अडाणीपणाचा दिसत नव्हता.

फ्रेगोसी मेट्ससाठी १४६ सामने खेळला, पाच होमरन मारले आणि १९७३ च्या जुलैत त्याला टेक्सासला विकून टाकलं. रायनने एंजल्सकडे पहिल्याच वर्षी ३२९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद. पुढच्या वर्षी ३८३, हा आधुनिक काळातला विक्रम. मग तो थांबलाच नाही. २७ हंगाम, ३२४ विजय, ५,७१४ स्ट्राइकआउट. यातले मेट्ससाठी फक्त ४९३. ते वजा केले तर उरतात ५,२२१. या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे रँडी जॉन्सन, ४,८७५ वर. म्हणजे रायनने मेट्सकडे एकही चेंडू टाकला नसता, तरी तो इतिहासात पहिलाच राहिला असता.

प्रतिस्पर्ध्याला अख्ख्या सामन्यात एकही फटका मिळू दिला नाही, की त्याला ‘नो-हिटर’ म्हणतात. रायनचे असे सामने सात, सगळे मेट्स सोडल्यावर. आजवर इतर कुणालाही ही संख्या गाठता आलेली नाही. मेट्सला त्यांचा पहिला नो-हिटर पाहायला १ जून २०१२ उजाडावा लागला. योहान सांतानाने तो टाकला तेव्हा क्लबचा ५१ वा हंगाम आणि ८,०२० वा सामना चालू होता. दरम्यान रायन, टॉम सीव्हर, माइक स्कॉट, ड्वाइट गुडन आणि डेव्हिड कोन या मेट्सच्या माजी पिचरांनी दुसऱ्यांच्या गणवेशात मिळून ११ नो-हिटर टाकले होते.

यातल्या सीव्हरची गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. १९६९ मध्ये मेट्सने पहिलं विजेतेपद मिळवलं ते त्याच्या जिवावर. १९७७ मध्ये खेळाडूंना मुक्त बाजार नुकताच खुला झाला होता. सीव्हरचा पगार होता सव्वादोन लाख डॉलर. त्याला करार बाजारभावाने सुधारून हवा होता. क्लबचे अध्यक्ष डोनाल्ड ग्रँट ऐकेनात. १५ जून १९७७ च्या रात्री त्याला सिनसिनाटीला पाठवून बदल्यात चार खेळाडू घेतले. पत्रकारांसमोर चाहत्यांबद्दल बोलताना सीव्हरला रडू आवरेना, तेव्हा उरलेलं त्याने वहीत लिहून दिलं. एका वर्षाच्या आणि एका दिवसाच्या अंतराने त्याने सिनसिनाटीसाठी नो-हिटर टाकला.

१९७० मध्ये मेट्सच्या मैदानावर जवळपास २७ लाख प्रेक्षक आले होते. १९७९ मध्ये आले ८ लाखांहून कमी. १९७७ ते १९७९, तिन्ही वर्षं संघ आपल्या गटात तळाला. सीव्हर १९८३ मध्ये परत आला, तर पुढच्या जानेवारीत राखून ठेवायच्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव घालायलाच क्लब चुकला आणि शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला उचललं. १९८५ मध्ये त्याने ३०० वा विजय मिळवला तो न्यूयॉर्कमध्येच, पण शिकागोच्या गणवेशात.

चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ दोनच. एक, झालेल्या कामगिरीला पुढचा पगार देणं: बे ३१ वर्षांचा होता, शर्झर-व्हर्लँडर चाळिशीच्या उंबरठ्यावर. दुसरं, यंदाच जिंकायचं या घाईत हातचं तरुण पोरगं देऊन टाकणं. जुलै २०२१ मध्येही तेच झालं. हावियर बाएझ ४७ सामने मेट्सकडून खेळला आणि निघून गेला. त्याच्यासाठी दिलेल्या पीट क्रो-आर्मस्ट्राँगने २०२५ मध्ये शिकागो कब्जसाठी तिशीपार होमरन मारले आणि तिशीपार बेसही चोरले.

नाणं दोन्ही बाजूंनी पडतं, हेही खरं. सीव्हरला दिल्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, १५ जून १९८३ ला, मेट्सने दोन पिचर देऊन सेंट लुइसकडून कीथ हर्नांडेझ आणला. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात गॅरी कार्टर आला आणि १९८६ मध्ये दुसरं विजेतेपद मिळालं. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

तेव्हा सोटोच्या ७६ कोटींकडे डोळे विस्फारून पाहणाऱ्यांना एवढंच सांगणं: तो आकडा मोठा असला तरी ठरलेला आहे आणि २०३९ मध्ये संपणार आहे. मेट्सला सर्वांत महाग पडलेला सौदा माझ्या मते रायनचाच, आणि त्यात क्लबने रोख एक डॉलरही मोजला नव्हता.