नेटवर्क गेलं तरी हिशेब हातात : धंद्याचे रिपोर्ट मोबाईलवर ऑफलाइन कसे वापरावेत?

आपल्या समाजातली किती तरी मुलं-मुली आज औषध कंपन्यांत, किराणा मालाच्या वितरकांकडे, टायरच्या किंवा मोबाईलच्या एजन्सीत सेल्सचं काम करतात. अनेक घरांचा स्वतःचा होलसेलचा धंदा आहे. आधीच्या पिढीतले लोक उधारीची वही बगलेत मारून वसुलीला निघायचे. आता त्या वहीच्या जागी मोबाईलमधला रिपोर्ट आला आहे. कोणत्या दुकानदाराकडे किती बाकी, गोदामात किती माल, या महिन्याचं टार्गेट किती झालं, हे सगळं एका स्क्रीनवर दिसतं.

पण वही घाटात बंद पडत नव्हती. मोबाईलचा रिपोर्ट मात्र नेटवर्क गेलं की गोल गोल फिरत राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुने आकडे दाखवतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

हे रिपोर्ट म्हणजे नेमकं काय?

याला इंग्रजीत ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात, थोडक्यात बीआय. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे. रोजची बिलं, खरेदी, उधारी, माल यांच्या हजारो नोंदी एकत्र करायच्या आणि त्यातून मालकाला किंवा सेल्समनला निर्णय घेता येईल असे आकडे आणि आलेख काढायचे. ही कल्पना आजची नाही. आयबीएम कंपनीतले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली याच नावाने एक लेख लिहिला होता. आज मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय, टॅब्लो आणि गुगलचं लुकर स्टुडिओ ही या कामाची माहितीची साधनं आहेत. पॉवर बीआय २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. गुगलच्या साधनाचं नाव आधी डेटा स्टुडिओ होतं, २०२२ मध्ये ते बदललं.

लहान धंद्यात हेच काम गुगल शीट्स, एक्सेल किंवा बिलिंगच्या अॅपमधून होतं. साधन लहान असो की मोठं, पुढे सांगितलेलं तत्त्व सगळीकडे सारखंच लागू पडतं.

ऑफलाइनची गरज कुठे पडते?

शहरात बसून वाटतं, आता सगळीकडे नेट आहे. फिरतीचं काम करणाऱ्याला विचारा. कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाताना करबुडेचा बोगदाच सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि त्या मार्गावर असे लहान-मोठे बोगदे ९० च्या वर आहेत. सह्याद्रीतले घाट, मेळघाट, गडचिरोलीचा जंगलपट्टा, सातपुड्यातली गावं, इथे नेटवर्कचा भरवसा नसतो. एवढं लांबही जायला नको. पत्र्याचं गोदाम, मार्केटचं तळघर, कोल्ड स्टोरेजच्या जाड भिंती, इथेही मोबाईलची रेंज जाते. आणि नेमकं तिथेच उभं राहून माल मोजायचा असतो किंवा दुकानदाराशी हिशेब बोलायचा असतो.

फळा आणि फळ्याचा फोटो

आम्ही शिक्षक, म्हणून उदाहरण वर्गातलंच देतो. वर्गात फळ्यावर गणित लिहिलेलं असतं. विद्यार्थी हात वर करून विचारतो, ‘सर, ५ च्या जागी ७ घेतले तर?’ शिक्षक तिथेच पुसून नवं उत्तर काढून देतात. आता त्याच फळ्याचा फोटो काढून विद्यार्थी घरी गेला, तर फोटो पाहता येतो, वाचता येतो, पण फोटोला प्रश्न विचारता येत नाही. आणि तो गेल्यावर फळ्यावर काही बदललं असेल, तर फोटोला ते माहीत नसतं.

बीआय रिपोर्टचंही असंच आहे. खरी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर असते. नेट चालू असताना तुम्ही ‘फक्त रायगड जिल्हा दाखव’ म्हणून बोट लावता, तेव्हा फोन सर्व्हरला प्रश्न विचारतो, सर्व्हर हिशेब करतो आणि उत्तर पाठवतो. नेट गेलं की सर्व्हरशी बोलणं बंद होतं. फोनमध्ये आधी साठवलेलं जे काही असेल, तेवढंच उरतं. या साठवणीला ‘कॅश’ म्हणतात.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. जो रिपोर्ट आधी कधी उघडलाच नाही, तो नेट नसताना मिळेल याचा भरवसा धरू नये. आणि जो मिळेल, तो शेवटच्या अपडेटपर्यंतचाच असेल.

कोणत्या साधनात काय मिळतं?

पॉवर बीआयच्या मोबाईल अॅपमध्ये, तुम्ही आधी उघडलेले डॅशबोर्ड आणि रिपोर्ट नेट नसतानाही पाहता येतात. मात्र रिपोर्ट फक्त वाचता येतो. त्यात नवा फिल्टर लावणं, क्रम बदलणं जमत नाही. अॅप जास्तीत जास्त २५० एमबी माहिती ऑफलाइन साठवतं. वाय-फाय असेल तर साधारण दर दोन तासांनी, आणि मोबाईल डेटावर असेल तर दिवसातून एकदा ते मागच्या मागे माहिती ताजी करतं. नकाशासारखे जे भाग थेट इंटरनेटवर चालतात, ते ऑफलाइन दिसत नाहीत. त्यातून उघडलेल्या एक्सेलच्या फाइलीही नाहीत.

टॅब्लोच्या मोबाईल अॅपमध्ये, जे रिपोर्ट तुम्ही ‘फेव्हरेट’ केले असतील त्यांचं चित्र फोनमध्ये राहतं. पाहायला ते उपयोगी पडतं.

लुकर स्टुडिओ ब्राउझरमध्ये चालतं, त्याला नेट लागतंच. त्यावर सरळ उपाय म्हणजे निघण्याआधी रिपोर्टची पीडीएफ डाउनलोड करून ठेवणं.

गुगल शीट्सची गोष्ट वेगळी आहे. फाइलच्या शेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ती ऑफलाइन उपलब्ध करून ठेवली, तर नेट नसताना वाचताही येते आणि लिहिताही येते. नेट आलं की तुमची नोंद आपोआप वर जाते. लहान दुकानदाराला, बचत गट चालवणाऱ्या भगिनींना हे फुकट आणि पुरेसं आहे. फक्त एक पथ्य पाळावं. दोन भावांनी दोन ठिकाणी ऑफलाइन बसून एकाच खान्यात वेगळे आकडे लिहिले, तर नेट आल्यावर एकाचा आकडा पुसला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येकाने आपापल्या ओळीत किंवा आपापल्या पानावर लिहावं.

काही बिलिंग अॅप्स सगळा हिशेब फोनमध्येच ठेवतात. नेट नसलं तरी बिल निघतं, आणि रिपोर्टही नवा काढता येतो. पण तिथे धोका उलटा आहे. बॅकअप घेतला नसेल आणि फोन पाण्यात पडला, तर हिशेबही गेला. अशा अॅपचा बॅकअप रोज दुकान बंद करताना घ्यावा.

निघण्याआधीची पाच मिनिटं

फिरतीवर जाणाऱ्याने सकाळी घरच्या वाय-फायवर एवढं करावं :

१. आज लागणारे रिपोर्ट एकेक करून उघडावेत. नुसतं अॅप उघडणं पुरेसं नाही. ज्या पानावर उधारी आहे, ते पान उघडून आकडे दिसेपर्यंत थांबावं.

२. ज्या तालुक्याला जायचं तो फिल्टर आधीच लावून ती यादी पीडीएफ करून ठेवावी. घाटात गेल्यावर फिल्टर लागणार नाही.

३. पुन्हा नेट चालू ठेवून माहिती ताजी करावी आणि शेवटच्या अपडेटची वेळ बघावी.

४. मग फोन विमान मोडवर टाकून रिपोर्ट खरंच उघडतो का ते तपासावं. ही परीक्षा घरी झालेली बरी, गिऱ्हाइकासमोर नको.

५. फोनमधला बॅटरी सेव्हर किंवा डेटा सेव्हर या अॅपला मागच्या मागे काम करू देतो का ते पाहावं. अनेकदा अॅप चांगलं असतं, फोननेच त्याला झोपवलेलं असतं. आयफोनमध्येही बॅकग्राउंड रिफ्रेशची सेटिंग बंद असेल तर माहिती जुनीच राहते. आणि फोनची मेमरी फोटो-व्हिडिओंनी गच्च भरली असेल, तर रिपोर्टला जागा कुठून मिळणार?

आधी तारीख, मग आकडा

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची सवय हीच. आकडा वाचण्याआधी तो कधीचा आहे ते वाचायचं.

समजा, सकाळी ८ वाजता रिपोर्टमध्ये एका औषधाचे ५० खोके शिल्लक दिसले. ११ वाजता ऑफिसमधून दुसऱ्या पार्टीला ४० खोके गेले. दुपारी १ वाजता आपला मुलगा रेंज नसलेल्या गावात मेडिकलवाल्याला म्हणतो, ‘माल आहे, उद्या ३० खोके पाठवतो.’ त्याच्या फोनमध्ये अजून ५० च दिसतात. तो खोटं बोलत नाही. पण उद्या माल पोचला नाही, तर दुकानदाराच्या लेखी वायदा मोडलाच.

उधारीत तर आणखी जपायला हवं. एखाद्या दुकानदाराने काल रात्रीच यूपीआयने पैसे भरले आहेत आणि तुमचा रिपोर्ट परवाचा आहे. चार गिऱ्हाइकं उभी असताना तुम्ही त्याला म्हणालात, ‘चाचा, तुमचे १८,००० बाकी आहेत.’ त्या माणसाची इज्जत गेली ती पुढच्या अपडेटने परत येत नाही. असे संबंध बांधायला वर्षं लागतात.

म्हणून बोलण्याची पद्धतच बदलावी. ‘तुमचे इतके बाकी आहेत’ याऐवजी ‘परवा संध्याकाळपर्यंत आमच्याकडे इतके दिसतात, त्यानंतर काही भरलं असेल तर सांगा’ असं म्हणावं. ‘माल आहे’ याऐवजी ‘सकाळपर्यंत होता, रेंजमध्ये गेल्यावर पक्कं कळवतो’ म्हणावं. यात कमीपणा काही नाही. उलट समोरच्याला कळतं की हा माणूस तोलून-मापून बोलतो.

मालकांनीही एक लक्षात घ्यावं. सेल्समनने वायदा चुकवला म्हणून त्याच्यावर चिडण्याआधी त्याच्या फोनमध्ये कोणत्या वेळेचा आकडा होता ते विचारावं. रिपोर्ट बनवणाऱ्याला सांगून प्रत्येक पानावर, अगदी वरच, ‘या वेळेपर्यंतची माहिती’ अशी ओळ मोठ्या अक्षरात घालून घ्यावी. काम पाच मिनिटांचं आहे, भांडणं मात्र पुष्कळ वाचतात.

खिशातली अमानत

ऑफलाइन रिपोर्ट म्हणजे दुसऱ्याचा हिशेब तुमच्या खिशात. कोण किती कर्जात आहे, कोणाला कोणत्या भावाने माल जातो, ही माहिती लोकांनी विश्वासाने दिलेली असते. सर्व्हरवर तिला कुलूप असतं. कोणत्या सेल्समनला कोणता भाग दिसावा, हे कंपनी ठरवू शकते. पण एकदा पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट झाला की त्याला कुलूप राहत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला, की तो कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही.

त्यामुळे फोनला मजबूत पिन हवा. अॅपला बोटाच्या ठशाचं किंवा चेहऱ्याचं कुलूप लावता येत असेल तर लावावं. काम झालं की जुन्या पीडीएफ पुसाव्यात. घरातली मुलं ज्या फोनवर गेम खेळतात, त्याच फोनमध्ये कंपनीचे रिपोर्ट ठेवणं टाळावं. नोकरी सोडताना रिपोर्ट सोबत नेऊ नयेत. देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, त्यामुळे हा विषय आता फक्त सचोटीचा नाही, कायद्याचाही आहे.

फोन हरवलाच, तर आधी कंपनीला कळवून आपलं लॉगिन बंद करून घ्यावं. दुसऱ्या फोनवरून आपल्या गुगल किंवा अॅपल खात्यात जाऊन हरवलेला फोन लॉक करावा किंवा पुसावा. पोलिसांत तक्रार द्यावी. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हरवलेला हँडसेट ब्लॉक करण्याची सोय आहे, तीही वापरावी. वेळ घालवू नये.

मुलांना हे शिकवा

दहावी-बारावीनंतर काय, असं आम्हाला पालक नेहमी विचारतात. कॉमर्सच्या मुला-मुलींनी एक्सेल आणि गुगल शीट्स पक्के केले आणि त्यावर एक बीआयचं साधन शिकलं, तर त्यांना याचा कामात उपयोग होतो. पॉवर बीआयचं रिपोर्ट बनवण्याचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं. लुकर स्टुडिओ वापरायला गुगलचं खातं पुरतं. सराव करायला दुसरीकडे जायची गरज नाही. अब्बांच्या दुकानाची एका महिन्याची बिलं घ्या, शीटमध्ये भरा, आणि कोणता माल पडून राहिला, कोणाची उधारी ६० दिवसांवर गेली, याचा एक पानी रिपोर्ट काढा. मग तो अब्बांच्या फोनमध्ये ऑफलाइन ठेवून द्या.

त्या पानाच्या अगदी वर मात्र तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.